डाव्या वळणाची वेल

"माझ्या पोराला त्याच्या बायकोनं मारलं. कसं मारलं, तेवढं फक्त सांगा," म्हातारा ओन्येबुची म्हणाला.

गुन्हेगार ठरवूनच आलेलं गिऱ्हाईक अझुकाबाईंना नवं नव्हतं. पोलिसातून निवृत्त होऊन त्या नायजेरियातल्या एनुगू शहरात खासगी तपास करीत. त्यांचा मदतनीस ओक्वुदिली मात्र हळहळला. म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा चिडुबेम परवा शेतातल्या खोपीत तडफडून गेला होता. उद्या भाऊबंद रिवाजाप्रमाणे कसोटी म्हणून सुनेला प्रेत धुतलेलं पाणी पाजणार होते आणि गावाबाहेर काढणार होते.

गावी, म्हाताऱ्याच्या घरी, सून ओबिआनुजू ओसरीवर बसली होती. रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते.

"आठवडाभर तापानं फणफणले होते. तोंड इतकं कडू, की पाणीसुद्धा कडू लागायचं. परवा ताप उतरला. म्हणाले, भूक लागली ग. मी कडू पाल्याचं सूप दिलं. दोन घोट घेऊन शेतावर गेले. उरलेलं मी प्यायले."

"कोणी पाहिलं?" चिडुबेमचा चुलतभाऊ एजिके खेकसला.

"तू कुठे होतास?" बाईंनी विचारलं.

"बाजारात, दहा जणांसमोर. माझं शेत दादाच्या शेजारी आहे, म्हणून मीच मारलं का त्याला?"

ओक्वुदिली नेमकं तेच म्हणणार होता.

शेतात कोनफळांची काढणी चालू होती. पानं झडलेल्या वाळक्या वेली काठ्यांना विळखा घालून होत्या. काढलेल्या कंदांचा गर पांढराशुभ्र होता. खोपीतल्या राखेजवळ भाजलेल्या कोनफळाची सालं पडली होती, आतून पिवळी. खोपीला लागूनच, बांधाकडच्या एका काठीखाली माती उकरलेली होती.

"या काठीवरची वेल बघ," बाई म्हणाल्या.

"वाळलीय."

"शाबास. बाकीच्या सगळ्या उजवं वळण घेऊन चढल्यात. ही डावं."

"असते बाई, रांगेत एखादी आगाऊ."

शेतात चोऱ्या होतात का, असं बाईंनी म्हाताऱ्याला विचारलं. त्याचा चेहरा जरा खुलला.

"गेल्या साली निम्मं शेत लुटलं. यंदा बांधावरचा एकच कंद गेला. चोराला चांगली अद्दल घडली असणार."

संध्याकाळी अंगणात सगळे भाऊबंद जमले.

"सुनेनं विष घातलं नाही," अझुकाबाई म्हणाल्या. "चिडुबेमनं खोपीत कोनफळ भाजून खाल्लं. सालं पिवळी होती. या शेतातली कोनफळं पांढरी. पिवळा कंद एकाच वेलीखालचा, डाव्या वळणाच्या. ती रानातली विषारी जात. चोरांसाठी काही लोक ती मुद्दाम बांधावर लावतात. एक कंद खाऊन चोराला अद्दल घडते, हे ती लावणाऱ्यालाच ठाऊक असणार. काका, घरात कोणाला सांगितलं होतंत?"

"नाही," म्हातारा पुटपुटला. "षट्कर्णी झालं असतं."

"पानं झडल्यावर ती वेल ओळखू येत नाही. अंगात त्राण नव्हतं, म्हणून त्यानं खोपीजवळची खणली. विष कडू असतं, पण त्याला आठवडाभर सगळंच कडू लागत होतं."

एजिकेनं मान खाली घातली. ओक्वुदिलीला वाटलं, बाईंनी एवढं खरं बोलायला नको होतं.

म्हातारा धडपडत उठून सुनेपुढे गेला. "पोरी, जाऊ नकोस. मला आता कोणी नाही."

"राहीन," ओबिआनुजू म्हणाली. "त्यांची माती इथे आहे. पण मला पोरी म्हणू नका."

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.