इंजिनाखालची हिरवी कोर

इंजिनाच्या पोटाखाली हिरवा डाग होता. काडीएवढ्या रुंदीचा, दोन्ही टोकांना निमुळता, चंद्रकोरीसारखा वाकलेला. श्रुतिका उतेकरने खेळण्यातलं ते इंजिन खिडकीशी नेलं, भिंगातून डाग पाहिला आणि बोट न लावता परत टेबलावर ठेवलं.

"शेवाळ असेल," सहदेव सकपाळ म्हणाला.

"रंगवलेल्या पत्र्यावर, काका?"

हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर सहदेव श्रुतिकाबाईंबरोबर काम करू लागला होता. बाई आधी एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत होत्या, आता महाडात खाजगी तपासाची कामं घेत. त्या उगाच काही विचारत नाहीत, एवढं त्याला कळलं होतं. का विचारतात, हे मात्र त्याला नेहमी मागाहून कळे.

समोर डोंगरावरच्या कुडपण गावची सोनाली शेलार बसली होती. शेजारी तिचा धाकटा दीर मोरू. तो मुंबईला कुरिअरच्या कामावर होता, रजेवर आला होता.

"माज्या सासऱ्यांचं हाय ते," सोनाली म्हणाली. "मुंबईला पारशाकडं सैपाकाला होते. शेठ विलायतेला गेला तवा पोराची आगगाडी देऊन गेला. डबे, रूळ, चावी, समदं घरात पेटीत हाय. इंजिन तेवढं ह्यांनी नेलं."

"तुमच्या नवऱ्याने? मंगेशने?"

"पुराच्या दिवशी. महाडात किंमत इचारून येतो म्हनाले. मीच टावेलात गुंडाळून दिलं. दिवेलागणीला फोन आला, महाडातच हाय, पाऊस लय हाय. तो शेवटचा."

एकवीस सालचा पूर. त्या रात्री सहदेव बचावाच्या होडीत होता. त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"मग हे परत आलं कुठून?" श्रुतिकाने विचारलं.

आता मोरू बोलला. "मागच्या हप्त्यात मोबाईलवर ह्याच इंजिनाची ॲड दिसली. महाडचा सयाजी घड्याळवाला. छपरावर दादानं लहानपणी खिळ्यानं 'म' कोरलेला, बघा. डायरेक्ट दुकानात गेलो. तर बोलतो, तुझ्या भावानंच विकलं, गेल्या दिवाळीत. एकदम धडधाकट होता म्हणे."

"आणि इंजिन तुम्हाला तसंच दिलं?"

"बघायला दिलं. बोलला, घरात डबे नि चावी असतील तर जुळवून बघ, मग समदंच घेऊन ये. फुल सेटचा रेट अलग असतो."

सोनालीने पदराचं टोक मुठीत धरलं. "आईंनी, म्हंजे सासूबाईंनी, अजून विधी केला नाय. भटजी म्हनाला, देह मिळाला नाय तर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्या. आई म्हनायच्या, बघू. दर वरसाला बघू. औंदा जरा मन वळत होतं, तर ह्यो निरोप आला. आता रोज त्येंच्या नावानं ताट वाढून झाकून ठेवतात. जिता असंल तर मला टाकून गेला, बाई. नसंल तर तसं सांगा. माज्यासाठी गोड करून सांगू नका."

श्रुतिकाने इंजिनाला लोहचुंबक लावून पाहिलं, व्हर्नियर मोजपट्टीने चाकांमधलं अंतर मोजलं.

"बत्तीस मिलिमीटर. पत्रा लोखंडी, चित्र पत्र्यावरच छापलेलं, जोड वळवून खाचेत बसवलेले. स्क्रू सगळे सरळ खाचेचे. दुसऱ्या महायुद्धाआधीचं इंग्लंडचं काम आहे, नक्कल नव्हे."

मग तिने खालची पट्टी सोडवली आणि इंजिन कागदावर ठोकलं. राखाडी भुकटी पडली. आतली दातेरी चाकं त्याच राखाडी मातीत घट्ट बसली होती.

"कुडपणची माती कसली?"

"लाल."

"कधी घरात पाणी शिरलंय?"

मोरू हसला. "म्याडम, आमच्याकडं पानी प्यायला थांबत नाय, समदं खाली पळतं. पूर कुठला?"

दोघं गेल्यावर सहदेव म्हणाला, "धाकटा मला सरळ वाटत नाही. इंजिन यानंच कधीतरी विकलं असेल आणि आता भावाचं नाव पुढं करतो."

"असेल. मग ते आपल्या हातात आणून देण्याची त्याला काय गरज होती?"

सहदेवला हेही मागाहूनच कळलं.

*

सयाजीचं दुकान बाजारपेठेतल्या अरुंद गल्लीत होतं. घड्याळदुरुस्ती आणि जुन्या वस्तू. भिंतीवर सहदेवच्या डोक्याच्याही वर पुराची रेघ अजून दिसत होती. वरच्या फळ्या लख्ख होत्या. सगळ्यात खाली चिखलाने माखलेल्या समया आणि भांडी एकावर एक रचलेली होती.

"पुरातला माल?" श्रुतिकाने विचारलं.

"भंगारात घालायचाय. तेव्हापासून हात लावलेला नाही."

"मंगेश शेलार आला होता म्हणे."

"इथेच उभा होता. दिवाळीची गर्दी. दाढी वाढलेली, तब्येत मात्र चांगली. स्वतः चावी देऊन गाडी चालवून दाखवली. या काउंटरवर गोल फिरली."

"राहतो कुठे, काही बोलला?"

"गिऱ्हाइकाला असं कोण विचारतं, बाई?"

सहदेवने खालून एक पितळी तबक उचललं. त्यावर राखाडी गाळ वाळून पापुद्र्यासारखा बसला होता. काठाजवळ दोन ठिकाणी मात्र गाळ नव्हता, नुसते तांबूस डाग होते, शेजारी शेजारी.

"कोणी यात चहा पीत बसलं होतं की काय?"

"कप फारच लहान होते, काका." श्रुतिकाने तबक हातात घेतलं आणि डागांना व्हर्नियर लावला. काठावरून अंगठा फिरवला. "सयाजीराव, हे मला द्याल?"

"न्या तसंच. भंगारच ते."

"आणि गाडीचा पूर्ण संच मिळाला तर घ्याल?"

"आनंदाने."

"मग उद्या आमच्याबरोबर कुडपणला चला. डबे डोळ्यांनी बघा."

*

कुडपणच्या घराच्या ओटीवर सोनालीने पेटी उघडली. तीन डबे, वाकडे रूळ, आणि कापडात बांधलेली चावी. मंगेशची आई रंगूबाई दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. तिच्यामागे कोपऱ्यात एक ताट दुसऱ्या ताटाने झाकलेलं होतं.

सयाजीने डबे उलटून पाहिले. "अस्सल," तो म्हणाला.

"अस्सल आहेत," श्रुतिका म्हणाली. "एकट्या इंजिनाला फार कोणी विचारत नाही. डबे, रूळ, चावी, सगळं जुळलं की जुन्या वस्तू जमवणारे मोठी किंमत देतात. म्हणून तर तुम्ही मोरूकडे चावी मागितली. मग दिवाळीत मंगेशने गाडी कोणत्या चावीने चालवली?"

"असेल त्याच्याकडे दुसरी," सयाजी म्हणाला. "घड्याळाचीही बसते कधी कधी."

"बसेल." तिने इंजिन उलटं धरलं. "पण चाकं फिरली नसती. आत नदीचा गाळ आहे. गेल्या दिवाळीच्या कितीतरी आधी तो वाळून दगड झालाय."

रंगूबाईने मान वर केली. "म्हंजे इंजिन पुरात होतं. आनि माजा पोर?"

सहदेवला गप्प बसवेना. "बाई, माउली विचारतायत ते खरं आहे. इंजिन घेऊन तो पुरातून वाचला असेल, नंतर विकलं असेल. चालवून दाखवल्याची तेवढी थाप."

"मलाही आधी तसंच वाटलं, काका. म्हणून हे तबक आणलं."

तिने तबक ओटीवर ठेवलं आणि इंजिन हलकेच त्याच्या काठावर टेकवलं. पुढची दोन चाकं दोन तांबूस डागांवर बरोबर बसली. मागची दोन तबकाबाहेर राहिली. तबकाचा वळलेला काठ पोटाखालच्या हिरव्या कोरीला जाऊन भिडला. मध्ये केसाएवढीही फट उरली नाही.

"पितळ ओलं राहिलं की हिरवं गंजतं, लोखंड तांबूस. दोघांनी एकमेकांवर खुणा ठेवल्यात. आता गाळ बघा. सगळीकडे बसलाय, चाकांच्या जागा सोडून. म्हणजे गाळ बसला तेव्हा चाकं इथेच होती. आणि हे तबक पुरापासून दुकानातून हललेलं नाही, हे सयाजीरावांनीच सांगितलं." तिने सयाजीकडे पाहिलं. "त्या दिवशी इंजिन सोनालीच्या हातातून निघालं आणि पाणी चढलं तेव्हा तुमच्या फळीवर होतं. दिवाळीत ते विकायला कोणी आलं नाही."

सयाजीने हातातला डबा पेटीत ठेवला.

"म्हातारीसमोर सांग," सहदेव सयाजीला हळू म्हणाला. एवढ्या हळू आवाजात त्याने चौकीत कधी कुणाला विचारलं नव्हतं. "तुझ्या थापेवर ती रोज ताट वाढते."

सयाजीने चष्मा काढला. "किंमत विचारायला आला होता. मी म्हटलं, ठेवून जा, मुंबईला विचारून सांगतो. संध्याकाळी गल्लीत पाणी आलं. माळ्यावर चल, म्हटलं. ऐकेना. स्टँडवर शेवटची गाडी मिळेल म्हणाला. पाणी मांडीपर्यंत होतं. वळणापर्यंत मी बघितला." त्याने चष्मा तसाच हातात फिरवला. "नंतर मागायला कोणी आलं नाही. या मोरूने विचारलं तेव्हा तोंडून निघून गेलं. इंजिन हातचं जाऊ नये, एवढंच होतं मनात."

मोरू उठला. सोनालीने त्याच्या मनगटाला धरून त्याला खाली बसवलं.

रंगूबाईने विचारलं, "जाताना काय बोलला?"

"आई वाट बघते म्हणाला."

रंगूबाईने इंजिनाच्या छपरावरच्या 'म'वरून बोट फिरवलं. मग ती उठली, कोपऱ्यातल्या ताटावरचं झाकण काढलं आणि ताट उचलून सोनालीपुढे ठेवलं.

"जेव गो, सोने. सकाळपास्नं उपाशी हायस."

सोनालीने घास उचलला नाही. ती सासूच्या तोंडाकडे बघत राहिली.

रंगूबाई धाकट्या मुलाकडे वळली.

"मोरू, उद्या पळसाची पानं आन. मंगेशाला अग्नी द्यायचा."