मधल्या फाटकापाशी

ही वीस जुलैची रात्र, मित्रदिनाची, आमच्याकडे ऐन हिवाळ्यातली. गावात घरोघर कोकरं भाजली जात होती आणि आपल्या ओनोरिओ बार्रियाला कुणी बोलावलं नव्हतं. गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस. गाडी बंद पडली की मगच लोकांना आठवतो. रचून सांगण्याइतकं त्याला बोलताच येत नाही, म्हणून मी हे खरं धरतो. तुमचं तुम्ही ठरवा.

दुपारी सेन्योरा एदेल्मिराचा फोन आला. नवरा एर्विन गेल्यापासून ती मेंढ्यांच्या वस्तीवर एकटीच. तिची ऑटोमॅटिक पिकअप मधल्या फाटकापाशी अडायची. इंजिन चालू, पण डॅशबोर्डच्या पडद्यावरून गिअरचं अक्षर गायब. गाडी जागची हलायची नाही. थोड्या वेळाने आपोआप ठीक व्हायची. ओनोरिओ खडीच्या रस्त्याने, दर फाटकाला उतरत-चढत तिथे पोचला तोवर अंधार पडला होता.

बाईने मातेचा कडू चहा पुढे केला. तिला बोलायचं होतं, याला काम उरकायचं होतं. बॅटरी ठणठणीत निघाली. फ्यूज शाबूत, रिलेही चालू. मग त्याने गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला वीज नीट पोचते का ते पाहिलं. नुसती वायर बारा व्होल्ट दाखवत होती. बल्ब जोडून भार दिला की आकडा घसरायचा. ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायापाशी अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. त्याने तो घासून लख्ख केला, आवळला. आता बल्ब लावूनही बारा हलेना.

“गंज होता, बाई. दुसरं काही नाही.”

“फाटकापर्यंत नेऊन बघ,” ती म्हणाली. स्वतः मात्र गाडीत बसली नाही.

मीटर तसाच जोडून त्याने डॅशबोर्डवर ठेवला आणि निघाला. गिअर अलगद पडत होते. बाहेर कडाक्याची थंडी, समोरून वारा, आणि दूरवर एकही दिवा नाही. गावातल्या जेवणावळी आत्ता रंगात आल्या असतील, असं त्याच्या मनात आलं.

हेडलाइटचा उजेड फाटकावर पडला. मीटर शून्यावर आला.

त्याने वायरी चाचपल्या. घट्ट होत्या. उतरायला हात दाराकडे नेला...

फाटक उघडलं.

सावकाश. वाऱ्याच्या उलट दिशेला. कुणी धरून मागे नेत असावं तसं.

बारा व्होल्ट. गिअर पडला. ओनोरिओ पुढे गेला. दुसरं काय करणार? आरशात पाहिलं. फाटक मिटत होतं. साखळी खणखणली.

पुन्हा शून्य. गाडी थांबली.

तो वाट पाहत राहिला. कशाची, ते त्यालाही कळेना.

शेजारचं दार उघडलं. आतला दिवा लागला. सीट रिकामी... गार हवा आत आली. दार लागलं.

बारा व्होल्ट.

त्याने गाडी वळवली. परत येताना तेच फाटक तसंच उघडलं, तसंच मिटलं. त्याने शेजारी पाहिलं नाही.

स्वयंपाकघरात आल्यावर त्याने बाईला सगळं सांगितलं. इकडे वस्तीवर फाटकं ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्यानेच उघडायची असतात, आणि त्या घरात चाळीस वर्षं ते काम एर्विनचं होतं. बाईने चुलीत एक लाकूड सारलं.

“माझ्यासाठी कधी उघडलं नाही,” ती म्हणाली. “मी थांबते ना तिथे. गाडी अडली की इंजिन बंद करून थांबते. मग स्वतःच उतरते...”

ओनोरिओने हत्यारं आवरली. तो चुलीपाशीच आडवा झाला. पिकअप कुलूपबंद होती, चावी रात्रभर त्याच्या खिशात.

सकाळी गाडीच्या सगळ्या काचांवर आतून हिम धरलं होतं. फक्त शेजारच्या काचेवर तळहाताएवढा गोल पुसलेला होता. आतून. ओनोरिओने कुलूप उघडलं, त्या सीटवर बसून त्यातून बाहेर पाहिलं.

समोर बाईच्या स्वयंपाकघराची खिडकी होती.