चाचांचं बोट

मिरजेत मेहबूबचाचा शिकलगारांच्या वर्गात पोरं इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनवायला आणि वाजवायला शिकत. सगळ्यांचं लक्ष मात्र चाचांच्या बोटाकडे. सर्किटमधला बारीक स्क्रू केसभर फिरवायचा आणि वर बघायचं. चाचांचं बोट खाली असलं की अजून फिरवायचा, वर गेलं की थांबायचं. कारण जो आवाज साधायचा, तो पोरांना ऐकूच येत नव्हता.

सतारीच्या घोडीला, म्हणजे तारेखालच्या पट्टीला, तार जराशी घासते, त्यातून एक झणझण उठते. तीच जवारी. चाचांच्या चार पिढ्यांनी ती कानशीनं घासून काढली. चाचांनी ती विजेच्या वाद्यात आणली. ध्वनिलहर ठरलेल्या मर्यादेला जेमतेम घासावी, एवढाच स्क्रू पिळायचा. पण हल्ली प्रत्येकाच्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढी 'श्रवणी' असते, जन्मानंतर महिन्याभरात टोचलेली. ती गोंगाट गाळते, आणि जवारीलाही गोंगाट समजून साफ पुसून टाकते. नसांत रुजली की काढताही येत नाही. काय म्हणावं या शहाणपणाला! मोठ्या माणसांनीही ती टोचून घेतली; गावात एकट्या चाचांनी नाही. हट्टी माणूस.

"चाचा, कसा असतो हो तो आवाज?" सोळा वर्षांच्या यशोधरा कांबळेनं एकदा विचारलं.

"कसं सांगू गं? सूर संपला तरी खोलीत कुणी बसलंय असं वाटतंय बघ."

खोलीत बसलेल्या त्या 'कुणा'साठी यशोधरा तीन वर्षं राबली. वार्षिक कार्यक्रमात तिनं स्वतः बनवलेलं वाद्य मंचावर ठेवलं, स्क्रू फिरवला, पहिल्या रांगेकडे पाहिलं. बोट वर गेलं. तिनं असं वाजवलं की सभागृह उभं राहिलं. टाळ्या अर्थात गुळगुळीत, गाळलेल्या सुरांना होत्या. तिला त्याचं काही नव्हतं. चाचांनी ऐकलं, तेवढं पुरे होतं.

कार्यक्रमानंतर ती आत आली तर चाचा वाद्याच्या स्पीकरला कान लावून बसले होते. स्क्रू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होते.

"गणपतीपासनं मला जवारी ऐकू येईना झालीय," ते म्हणाले. "वय झालं गं."

"मग आजचं बोट?"

"तुझा हात थांबल्यागत वाटला, की वर करत होतो."

यशोधराला रडूच आलं. तिचा हात तर त्यांचं बोट हलल्यावर थांबत होता.

संध्याकाळी ती घरी बहिणीच्या बाळाजवळ वाद्य घेऊन बसली. बावीस दिवसांचं पोर, सोमवारी त्याला श्रवणी टोचणार होते. तिनं एक सूर धरला आणि स्क्रू केसाकेसानं फिरवत गेली. एका जागी बाळानं हातपाय हलवणं थांबवलं. डोळे मोठे करून ते खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिलं.

यशोधरानं स्क्रूवर पेननं खूण केली. पण ही जवारीच होती का, हे या गावात फक्त त्यालाच ठाऊक होतं. आणि त्याला बोलता येईल तेव्हा त्यातलं काय आठवणार होतं?