हणमंतकाकांचा ठेका

हणमंतकाका कधीच वारले असतील, असं विभाने धरूनच चाललं होतं. महानगर नावाच्या मोहल्ल्यातल्या तिच्या घरी त्यांची छप्पन सालची एकच तबकडी होती. गिटार, आवाज आणि त्याखाली पायाचा दणदणीत ठेका. दुसऱ्या महायुद्धात आसामच्या छावणीत एका काळ्या अमेरिकन शिपायाकडून ते ब्लूज शिकले आणि गायचे मात्र सातारच्या बोलीत. पुढे माणूस गायबच झाला. मग २०११च्या जानेवारीत तिच्या संशोधन संस्थेचा निवृत्त फौजी वॉचमन सहज म्हणाला, "वो गिटारवाले? तेलीबाग में रहते हैं, मैडम."

रविवारी दुपारी विभा रेकॉर्डर घेऊन पोहोचली. धुकं इतकं, की दुपार असूनही दिवा लावलेला. पंच्याऐंशीचे काका खाटेवर रजई घेऊन बसले होते. बाई संशोधक खरी, पण हर्ष झाला की तोंडाला लगाम नसे.

"काका, तुमच्या पायाच्या ठेक्याला तोड नाही."

चहा आणणाऱ्या लताकाकू जागीच थांबल्या. काकांनी रजई बाजूला केली. पायजम्याचा उजवा पाय मांडीपाशी दुमडून पिन लावलेला होता.

"अठ्ठेचाळीसला काश्मिरात कापला," ते म्हणाले. "तबकडी त्यानंतर आठ वर्षांनी."

विभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली.

"मग... तो ठेका?"

"माझाच पाय. डावा नव्हे, हा कापलेला. वाजवायला लागलो की येतो. दर गाण्याला एक पाऊल जवळ. एकाहत्तरला उंबऱ्याशी आला, तेव्हा हिनं गिटार कपाटावर टाकली."

"उरलेल्याला न्यायला येतोय तो," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं सांभाळलंय मी यांना. बेटा, तू जा."

"सांभाळलंस, खरंय. पण चाळीस वर्षं गप्प बसलेल्याला जिवंत म्हणायचं का गं?" काका विभाकडे वळले. "काढ ती गिटार."

काढू नये हे विभाला कळत होतं. तरी तिने काढली, कारण ते गाणं तिला हवं होतं. तारा कोऱ्या करकरीत होत्या. म्हाताऱ्याने अमीनाबादच्या बाजारातून गुपचूप मागवून कधीच चढवून ठेवल्या होत्या.

काकांनी उशापासचा चाकू घेतला आणि त्या शिपायाने शिकवल्याप्रमाणे त्याची पाठ तारांवर सरकवली. गिटार कण्हली. आणि अंगणात आवाज झाला... धप्प.

मग व्हरांड्यात. मग उंबऱ्यावर. बुटाच्या ओल्या चामड्याचा आणि आयोडीनचा वास खोलीत भरला. दिसत काहीच नव्हतं, पण खाटेपासून हातभर अंतरावर चटई दबली, उठली, पुन्हा दबली. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"आजवर तू ठेका दिलास," काका खालच्या आवाजात म्हणाले. "आता माझ्यामागनं चाल."

त्यांनी मधलीच एक मात्रा गिळली. बूट भलत्याच जागी आदळला. पुढच्या ओळीत दीड मात्रा वाढवली. बूट अडखळला, एक पाऊल मागे सरला. काका मोठ्याने गाऊ लागले, आवाज फाटत होता, तरी गात होते. इतक्यात टाळी ऐकू आली. काकूंनी डोळे उघडले होते आणि काकांच्या वाकड्या मात्रेवर त्या बरोबर टाळी देत होत्या. विभाला भीती वाटत होती आणि अभिमानही वाटत होता.

बूट उंबऱ्यावर गेला. मग व्हरांड्यात. मग अंगणात. गाणं संपलं.

काकू पदराने तोंड पुसत होत्या. तेवढ्यात भिंतीपलीकडे पुन्हा सुरू झालं. धप्प... धप्प. तीच ओळ, सावकाश. गिळलेल्या मात्रेपाशी चुकली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चुकली. तिसऱ्या वेळी अचूक आली.

विभाचा हात चालू असलेला रेकॉर्डर बंद करायला पुढे गेला. काकांनी चाकू परत उचलला.

"मशीन बंद करू नकोस, बेटा," ते म्हणाले. "दुसरं गाणं याहून अवघड आहे."