उणे बावीसमध्ये वाहणारा झरा

"ओइवा, थांब! ही फुली कुणी मारली?" इल्मानं स्कीवरूनच भावाला हाक मारली.

शाळेला हिवाळ्यातली स्कीची सुट्टी होती आणि पारा उणे बावीसवर. लाहती शहराच्या उद्यानात, टेकडीखालच्या झऱ्याशेजारी बर्फावर भलीमोठी नारंगी फुली! तेवढ्यात खोदकामाचं यंत्र घरघरत आलं.

"बाजूला व्हा रे पोरांनो! ती फुली आमचीच, खणायची खूण!" मुकादम काउको खाली उतरले. "घरं तापवायच्या गरम पाण्याची वाहिनी फुटलीय. बर्फ वितळलाय, वाफा निघताहेत, दिसत नाही का? खणून आत्ता गळती बुजवतो!"

इल्मा झऱ्यासमोर आडवी उभी राहिली. "अहो काका, हा झरा आहे!"

"मला शिकवतेस? वीस वर्षं वाहिन्या जोडतोय मी!"

तेवढ्यात पांढऱ्या छातीच्या एका पक्ष्यानं सरळ पाण्यात बुडी मारली, तो तळावरून चालत गेला आणि चोचीत किडा घेऊन बाहेर आला! काठाला हिरवंगार शेवाळ होतं. आसपासची तळी, ओढे सगळे दगडासारखे गोठलेले. हा झरा बुजला तर तो बिचारा खाणार काय?

"काका, तुमच्या पाण्यात हिरवा रंग घालतात ना, गळती कळावी म्हणून?" ओइवानं विचारलं. "आमच्या गल्लीत वाहिनी फुटली तेव्हा गटार पोपटी झालं होतं! इथे कुठाय हिरवं?"

"विरला असेल रंग," काउको पुटपुटले.

"मग हात घाला!" इल्मा म्हणाली. "भाजला तर खुशाल खणा. नाही भाजला तर वीस आकडे मोजेपर्यंत काढायचा नाही!"

"हात्तिच्या!" काउकोंनी ऐटीत हातमोजा काढला आणि हात थेट तळाला टेकवला. "आई गं! गारठलो!"

ओइवा खो खो हसला. पण वीस आकडे झाले तरी काउको हात काढेनात.

"अरे, वाळू हलतेय," ते हळूच म्हणाले. "खालून कुणीतरी तळहात ढकलतंय!"

"टेकडीत मुरलेलं पाणी आहे ते," इल्मा म्हणाली. "खोल जमिनीतून येतं, त्यामुळे उन्हाळा असो की हिवाळा, एवढंच गार असतं. म्हणूनच थंडीत गोठत नाही."

काउकोंनी यंत्र बंद केलं. मग पाण्याची बारीक खळखळ ऐकू आली. इल्मानं टोपी कानांवरून वर सरकवली. इतकी वर्षं ती इथे येत होती, पण असं कधी ऐकलं नव्हतं!

काउकोंनी साहेबांना फोन लावला. "गळती नाही. झरा आहे, जिवंत! मी न बघताच खणायला निघालो होतो. दोन पोरांनी वाचवला."

मग लाल झालेला हात काखेत दाबत ते बर्फात गुडघे टेकून बसले. "शाबास रे पोरांनो! आता गप्प बसा जरा. तो पक्षी परत येतोय."