लिफ्टच्या घंटेची बॅटरी

ही थाप नाही. माझ्या सख्ख्या काकांनी हे भर दुपारी दोन वाजता, आपल्या बॅटरीच्या दुकानात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. दाराला आतून कडी होती.

आठवडाभर आधी समोरच्या इमारतीची वीज गेली आणि वॉचमन लिफ्टमध्ये अडकला. धोक्याची घंटा वाजलीच नाही. दोन तासांनी दार उघडलं, तेव्हा छातीत कळ येऊन तो गेलेला होता.

बोट अजून बटणावर...

घंटेची बॅटरी काकांनी तपासलेली. नुसता मीटर लावला, साडेबारा व्होल्ट दिसले, झालं काम! बल्ब जोडून बघायचा कंटाळा केला. बॅटरी जुनी झाली की तिच्या आतला रोध वाढतो. काही जोडलेलं नसेल तर व्होल्टेज अगदी साळसूद दिसतं. करंट ओढला की कोसळतं.

आणि चौकशीत काकांनी बेधडक सांगितलं, "धाकट्याने तपासली होती."

धाकटा म्हणजे माझे बाबा, काकांसोबत दुकानातच काम करायचे. त्यांच्यावर तुरुंगात जायची पाळी आली होती.

अपघातानंतर काढून आणलेली ती बॅटरी दुकानातच होती. संध्याकाळी चौकशीचे पोलीस साहेब ती न्यायला येणार होते. त्याआधी काकांना ती गुपचूप बदलायची होती. सवयीने त्यांनी मीटर लावला. साडेबारा.

मग...

काटा धाडकन सातवर आला.

बॅटरीला मीटरशिवाय काहीच जोडलेलं नव्हतं!

काटा वर गेला. पुन्हा पडला. कोणीतरी बटण दाबतंय... सोडतंय... दाबतंय...

काकांचा संशय सरळ बाबांवर. "सूड उगवतोय लेकाचा!" टेबलाखाली वाकून त्यांनी वायर शोधली.

नव्हती.

मीटरच्या चिमट्यांसकट बॅटरी उचलून छातीशी धरली. काटा पडतच राहिला. 

कडी काढून ते ओरडले, "काय चावटपणा लावलायस?"

बाबा पायरीवर बसले होते. दोन्ही हात रिकामे.

"मी कुठे काय केलं, दादा? तूच सांग... मघापासून आतून दार कोण बडवतंय?"

काकांना तर कसलाच आवाज आला नव्हता.

संध्याकाळी त्यांनी साहेबांना खरं काय ते सांगून टाकलं. शिक्षाही भोगली. बाबा सुटले.

आता दुकान बाबाच बघतात. काका मीटरला हात लावत नाहीत. परवा मी हट्टाने त्यांच्यापुढे नवी कोरी बॅटरी ठेवून मीटर त्यांच्या हातात दिला. काटा साडेबारावर. हलेना.

"बघा काका, काही नाहीये."

काकांनी काट्यावरची नजर हटवली नाही.

"थांब," ते हळूच म्हणाले. "दमलाय तो. पुन्हा दाबेल."