टॉर्क्विलचं बारसं

“नाही... हे नाव माझ्या तोंडून निघणार नाही!”

पाळण्यावर वाकलेली अनघा एकदम ताठ उभी राहिली, आणि तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून हसत उभ्या असलेल्या मराठी मंडळाच्या बायका तशाच थबकल्या. सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या त्या फ्लॅटमध्ये कुजबुज सुरू झाली. बाळाचं बारसं, नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्याच म्हणत होती की नाव घेणार नाही! मंडळाचा तो घडीचा पाळणा आजवर कितीतरी घरं फिरून आला होता, पण असला प्रसंग त्याच्यापुढे कधी घडला नव्हता.

चूक बाळाच्या बापाची, प्रबोधची होती. बाळाचं नाव त्याने बायकोशी केव्हाच ठरवलं होतं. बहिणीला सांगायचं धाडस मात्र त्याला झालं नव्हतं. चारचौघींच्या देखत ताई नाही म्हणणार नाही, असा भित्र्या माणसाचा विचार करून, ती पाळण्यावर वाकल्यावर त्याने हळूच तिच्या कानात सांगितलं होतं... “टॉर्क्विल.”

टॉर्क्विल! जे नाव अनघाने इतकी वर्षं मनाच्या तळाशी पुरून ठेवलं होतं, स्वतःशी एकटीनेसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं, ते असं भरल्या घरात, मोगऱ्याच्या आणि घुगऱ्यांच्या वासात तिच्यासमोर येऊन उभं राहावं?

“अहो अनघाताई, मलाही नाही रुचलं,” प्रबोधच्या बायकोची, किमयाची आई नीता समजुतीने म्हणाली. बाळंतपणासाठी ती पुण्याहून आली होती आणि विहिणीच्या जागी अनघाच असल्याने जपून बोलत होती. “स्कॉटलंडचं नाव आहे म्हणे. जीभ वळता वळत नाही. आपण पाळण्यात राजस म्हणू या. बाहेर काय म्हणायचं ते म्हणू देत त्यांना.”

“नाही आई,” प्रबोध खालमानेने म्हणाला. “बाळाच्या कानात हेच जायला हवं. आणि ताईच्याच तोंडून.”

अनघाने त्याच्याकडे पाहिलं. हाच तो! आई-बाबा एकापाठोपाठ गेल्यावर जिने त्याला सिंगापूरला आणलं, बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातून थकून आल्यावर जिने त्याचा डबा केला, अभ्यास घेतला, त्या बहिणीच्या आयुष्यात एकदाच सुख दाराशी आलं होतं. हॉकर सेंटरमध्ये, त्या खाऊच्या गाळ्यांच्या गजबजाटात, गर्दीमुळे एकाच टेबलावर बसावं लागलं, एवढीच ती ओळख. तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात काम करणारा, उन्हाने लालबुंद झालेला एक स्कॉटिश इंजिनिअर... तिच्या हातचा वरण-भात बोटांनी कालवून खाताना शर्टावर सांडणारा, आणि स्वतःलाच हसणारा! लग्नाचं ठरलं होतं. आणि ऐन वेळी सतरा वर्षांचा प्रबोध बाबांच्या तसबिरीसमोर अन्न सोडून बसला होता. “त्या गोऱ्याचं नाव या घरात घेतलंस तर मी पाणीसुद्धा पिणार नाही!”

दुसऱ्या दिवशी पोराचे कोरडे पडलेले ओठ तिला बघवले नाहीत. तिने बस स्टॉपवर टॉर्क्विलला गाठलं आणि सगळं संपवलं. तो भांडला नाही. “मी काय करू शकतो?” एवढंच त्याने विचारलं होतं. आणि ती म्हणाली होती, “प्रबोधला तुझ्याच धंद्यात यायचंय. कधी तुझ्या यार्डात आला, तर त्याच्यावर लक्ष ठेव.”

ज्या नावासाठी त्याने अन्न सोडलं होतं, तेच आज त्याला हौसेने आपल्या मुलाला हवं होतं! यापरतं क्रौर्य ते कोणतं?

“ताई, परदेशी नाव म्हणून एवढा राग?” पाळण्यातून उचललेल्या बाळाला छातीशी धरून बसलेली किमया हुंदका देत म्हणाली. तिला बिचारीला मागचं काहीच ठाऊक नव्हतं. “अहो, तुम्हीच तर रोज त्याच्यासाठी दिवा लावता! जहाजाच्या टाकीत विषारी हवेने प्रबोध पडला होता, तेव्हा आत उतरून ज्याने त्याला बाहेर काढलं... त्याचं नाव आहे हे!”

अपघात झाला तेव्हा किमयाला दिवस गेलेले होते. कुणीतरी ओढून काढलं, एवढंच प्रबोधने हॉस्पिटलात सांगितलं होतं, आणि त्या अनाम माणसासाठी अनघाने रोज संध्याकाळी देवापुढे वेगळा दिवा लावला होता. ज्याने माझा भाऊ मला परत दिला, त्याला उदंड आयुष्य दे... हेच तिचं मागणं!

तो टॉर्क्विल होता? म्हणजे तो इथेच होता? तिचा शब्द त्याने इतकी वर्षं पाळला होता? आनंदाची एक लाट तिच्या सर्वांगातून गेली. पिकू लागलेल्या केसांची ती बाई क्षणात हॉकर सेंटरमधली अनघा झाली.

“अरे मग त्याला बोलावलं का नाहीस बारशाला?” ती घाईघाईने म्हणाली. “वेडा कुठला! फोन कर त्याला. आपण थांबू. पाळणा काही पळून जात नाही!”

प्रबोध पाळण्यातली चादर सारखी करू लागला. किमया त्याच्याकडे पाहू लागली. “तू ताईंना सांगितलं नाहीस?”

“प्रबोध... तो कुठे आहे?”

“ताई...” प्रबोध तिच्या पायाशी मटकन बसला. “मास्क आणायला वेळ नव्हता. तो तसाच उतरला. मला खालून झाकणापर्यंत ढकललं आणि... त्याला वर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.”

कुणीतरी पंखा बंद केला. बायका एकेक करून भिंतीकडे सरकल्या.

“यार्डात पहिल्याच दिवशी त्याने मला ओळखलं होतं,” प्रबोध रडत म्हणाला. “कधी टोचून बोलला नाही. आठवड्याला एकदा विचारायचा, ‘ताई बरी आहे?’ ताईच म्हणायचा! त्या टाकीतही, मी अर्धवट शुद्धीत असताना, म्हणाला, ‘वर हो, ताई वाट बघत असेल.’ त्याच्या अस्थी न्यायला त्याची बहीण आली होती. नाव ठेवू का म्हणून तिलाही विचारलंय मी.”

“आणि मला दिवा लावू दिलास!” अनघाचा आवाज फाटला. “गेलेल्या माणसासाठी मी रोज आयुष्य मागत होते... आणि तू मागे उभा राहून ऐकत होतास!”

“कसं सांगणार होतो? एकदा मी त्याला तुझ्यापासून तोडलं आणि दुसऱ्यांदा... माझ्यामुळेच गेला!”

“तुझ्यामुळे नाही,” ती अगदी हळू म्हणाली. “तुझ्यावर लक्ष ठेवायला मीच सांगितलं होतं त्याला.”

तिला त्याला मारावंसं वाटलं, आणि सतरा वर्षांच्या त्या उपाशी पोराला पोटाशीही धरावंसं वाटलं. शेवटी तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातात पूर्वीची माया होती की नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं; पण तिने तो काढून घेतला नाही.

“किमया, बाळाला पाळण्यात घाल,” ती म्हणाली.

पदराने डोळे पुसून ती वाकली. त्या इवल्याशा कानाशी तिने ओठ नेले. “कुर्र...” आणि मग, किती वर्षांनी, किती जपून, “टॉर्क्विल!”

बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. ती पाळण्याची कड धरून वाकलेलीच राहिली. तिचे खांदे गदागदा हलत होते, पण ते धपाट्यांनी हलताहेत असंच सगळ्यांना वाटलं. फक्त प्रबोधला कळत होतं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर देवापुढे दिवा लावताना तिचा हात थबकला. आता कुणासाठी मागायचं? दारात प्रबोध बाळाला घेऊन उभा होता. अनघाने वात सारखी केली, हात जोडले, आणि या वेळी नाव घेऊन मोठ्याने म्हणाली,

“टॉर्क्विलला उदंड आयुष्य दे.”